जपानमध्ये दीर्घकाळ राहायचंय? कागद, घर, शेजार आणि पेन्शन: क्रमाने काय करायचं

पुण्या-ठाण्यातून जपानला येणारा माणूस बहुधा दोन-तीन वर्षांचा हिशेब मनात धरून येतो. मग काम लांबतं, मूल इथल्या पाळणाघरात रमतं आणि पाहता पाहता दहा वर्षं होतात. २०२४ च्या अखेरीस जपानमधल्या परदेशी रहिवाशांची संख्या ३७ लाखांच्या पुढे गेली होती. त्यात भारतीय पन्नास हजारांहून जास्त. त्यांतले कित्येक जण 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून आलेले असतात.

म्हणून माझा आग्रह असा, की परतायचा विचार पक्का असला तरी पहिल्या महिन्यापासून इथेच राहणार असल्यासारखे कागद ठेवा. जपानी सरकार तुम्हाला तुमच्या नोंदींवरून ओळखतं. कर उशिरा भरला, नोकरी बदलल्याचं कळवलं नाही, दोन नोकऱ्यांच्या मधल्या एका महिन्याची पेन्शन राहून गेली, तर त्या वेळी कुणी ओरडत नाही. कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर मात्र ते सगळं समोर येतं.

निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी पासपोर्टवरचं नाव तपासा. आपल्याकडे पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि जपानमध्ये ते सगळं मिळून तुमचं नाव ठरतं. काहींचा आडनावाचा रकाना रिकामाच असतो. दुरुस्ती करायची असेल तर ती व्हिसासाठी लागणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीचा, म्हणजे सीओईचा अर्ज जाण्याआधी करा. सीओई निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये दाखल व्हावं लागतं, त्यामुळे नंतर पासपोर्ट बदलायला वेळ उरत नाही.

पदवी, लग्न आणि मुलांच्या जन्माचे दाखले इंग्रजीत आणि मूळ प्रतीत सोबत घ्या. आई-वडिलांशी नातं सिद्ध करणारा तुमचा जन्मदाखलाही घ्या. करसवलतीसाठी तो लागतो.

औषधांच्या बाबतीत जपानचे नियम कडक आहेत. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं एक महिना पुरतील एवढी आणि दुकानात सहज मिळणारी दोन महिने पुरतील एवढी आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. ठरावीक प्रमाणापलीकडे हे दोन्ही घटक इथे बेकायदा आहेत, तेव्हा पाकिटावरची नावं वाचूनच बॅग भरा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थही आणता येत नाहीत. हापूसची पेटी विमानतळावरच ठेवून घेतली जाते.

भारतीय कंपनीच पाठवत असेल तर एक प्रश्न तिला आत्ताच विचारा. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. पाच वर्षांपर्यंतच्या नेमणुकीवर येणाऱ्याने ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट आणलं, तर त्याला जपानी पेन्शनचा हप्ता भरावा लागत नाही. जपानी कंपनीत थेट नोकरी असेल तर ही सूट नाही.

पहिले चौदा दिवस

नारिता, हानेदा किंवा कान्साईला उतरलात की विमानतळावरच झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, मिळतं. ते कायम खिशात ठेवायचं. पोलिसाने मागितल्यावर ते जवळ नसेल तर २ लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो.

राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत तिथल्या कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जाऊन नोंदणी करा. वॉर्ड नसलेल्या शहरात हेच काम शियाकुशोत होतं. तिथे कार्डाच्या मागे पत्ता छापून देतात, आणि पुढे माय नंबर हा बारा आकडी ओळख क्रमांक पोस्टाने घरी येतो. माय नंबर कार्डाचा अर्ज लगेच करा. डिसेंबर २०२४ पासून आरोग्य विम्याचं जुनं कार्ड नव्याने मिळणं बंद झालंय आणि विमा माय नंबर कार्डाला जोडला जातो.

याच भेटीत तुमचं नाव काताकाना या परदेशी शब्दांसाठीच्या लिपीत कसं लिहायचं ते ठरवा. कुलकर्णीचं 'कुरुकारुनि' होतं, पण एका ठिकाणी 'कुरुकारुनि' आणि दुसऱ्या ठिकाणी 'कुरुकारुनी' असं झालं, तर बँकेच्या लेखी ती दोन वेगळी माणसं आहेत. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव मिळून अर्जावरच्या चौकोनांत मावत नाही, मग प्रत्येक कारकून आपापल्या पद्धतीने ते तोडतो. एक रूप पक्कं करा, कागदावर लिहून मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा, आणि बँक, फोन, पगार, पेन्शन, सगळीकडे अक्षर न बदलता तेच द्या. पाच मिनिटांच्या या कामाने पुढचे अनेक हेलपाटे वाचतात.

बँक खात्याला बऱ्याच बँका सहा महिने थांबायला सांगतात. कंपनीची बँक किंवा पोस्टाची युचो बँक हे सुरुवातीचे सोपे पर्याय. हांको, म्हणजे नावाचा शिक्का, आता पूर्वीइतका लागत नाही, तरी एक साधा करून घ्या.

पुढे नोकरी बदललीत तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवा, घर बदललंत तर तेवढ्याच दिवसांत नव्या वॉर्ड ऑफिसला. सुट्टीत भारतात जाताना विमानतळावरच्या फॉर्मवर 'स्पेशल री-एंट्री'च्या चौकटीत खूण करायला विसरू नका. ती राहिली तर तुम्ही देश सोडून गेलात असं धरलं जातं आणि व्हिसाच संपतो. ही खूण केली की एक वर्षाच्या आत परत येता येतं.

घर

घर शोधताना नकार ऐकावा लागेल, आणि तो लागतोही. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, गेल्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास ४० टक्क्यांनी केवळ परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. हा अन्याय आहे, आणि तो तुमच्या वागण्यामुळे होत नाही. त्यात अडकून न पडता वाट काढायची असेल तर यूआर या सरकारी संस्थेच्या इमारती आधी पाहा. तिथे रेइकिन, म्हणजे घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, नाही, दलाली नाही, जामीनदार लागत नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत. उत्पन्नाची अट तेवढी पुरी करावी लागते. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाईला मोठी भारतीय वस्ती आहे. तोझाई लाइन या मेट्रोच्या सोयीइतकाच या इमारतींचाही त्यात वाटा आहे.

खासगी घर घेणार असाल तर हातात भाड्याच्या चार ते सहा पट रोकड ठेवा. त्यात शिकिकिन म्हणजे परत मिळणारी अनामत, वर सांगितलेलं रेइकिन, एक महिन्यापर्यंतची दलाली, हमी देणाऱ्या कंपनीची फी, आगीचा विमा आणि पहिलं भाडं येतं. टोकियोत दर दोन वर्षांनी नूतनीकरणाची रक्कमही बहुतेक करारांत असते.

इमारतीचं वय विचारा. १ जून १९८१ पासून भूकंपरोधक बांधकामाचा नवा नियम लागू झाला, त्यानंतर परवानगी मिळालेली इमारतच घ्या. भाडं कितीही कमी असलं तरी याबाबत तडजोड करू नका. शहराचा हॅझार्ड मॅप, म्हणजे आपत्तीचा धोका दाखवणारा नकाशाही पाहा. टोकियोच्या पूर्वेकडचा बराच भाग सखल आहे, तिथे पुराच्या दृष्टीने कितव्या मजल्यावर राहता याला महत्त्व आहे.

किल्ली मिळाल्या दिवशी भिंती, फरशी, बाथरूम यांचे तारखेसह फोटो काढा. एप्रिल २०२० पासून दिवाणी कायद्यातच स्पष्ट लिहिलंय, की रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेचा खर्च भाडेकरूवर टाकता येत नाही. आपल्या फोडण्यांचं तेल आणि हळद भिंतींवर बसते, तो खर्च मात्र ते मागू शकतात. गॅस पेटवण्याआधी पंखा लावायचा आणि शेगडीमागे ॲल्युमिनियमचा पडदा उभा करायचा. तो शंभर येनांच्या दुकानात मिळतो.

शेजार

राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या दोन्ही घरांत आणि खालच्या घरात जाऊन नाव सांगून या. हातात लहानशी भेट असावी: टॉवेल, भांडी घासायचा साबण, बिस्किटांचा डबा. मोठ्या शहरांत हल्ली जपानी माणसंही हे कमी करतात, पण परदेशी माणसाने केलं तर त्याचा उपयोग फार होतो. पुढे कधी मुलं धावली, कुकरची शिट्टी झाली, तर वरच्या घरातला आवाज 'त्या ओळखीच्या माणसांचा' असतो. अनोळखी घराची तक्रार मात्र थेट व्यवस्थापकाकडे जाते. तुमचं दार कुणी वाजवत नाही. म्हणून तक्रार आली नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घेऊ नका. रात्री नऊनंतर वॉशिंग मशीन लावू नका, मुलांच्या खोलीत जाड मॅट अंथरा.

कचऱ्याचे नियम शहरागणिक वेगळे आहेत. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु गावात तर कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार करतात. तुमच्या वॉर्डाचं कॅलेंडर, अनेक ठिकाणी इंग्रजीतही, ऑफिसात फुकट मिळतं. ते फ्रिजवर लावा. जळणारा कचरा ठरलेल्या वारी, सकाळी, कावळ्यांपासून वाचवणाऱ्या जाळीखाली. रात्री नेऊन ठेवायचा नाही. सोफा, सायकल यांसारख्या मोठ्या वस्तूंसाठी आधी तारीख घ्यायची आणि कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातून, स्टिकर विकत आणून चिकटवायचं. इमारतीत कचरा चुकला की आधी बोट परदेशी माणसाकडे जातं, हे कटू पण खरं आहे.

चोनाइकाई, म्हणजे मोहल्ल्याची समिती, हिचं सभासद व्हा. वर्गणी थोडी असते. भूकंपाची कवायत, उन्हाळ्यातला मात्सुरी म्हणजे उत्सव, रस्ता झाडायचा दिवस, या कामांत दोन वर्षं दिसलात की लोक नावाने हाक मारू लागतात. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक जपानी नागरिकत्व घेऊन २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. मराठी माणसाला इथल्या सार्वजनिक जीवनात कुठपर्यंत जाता येतं, याचं हे उदाहरण आहे. मराठी मंडळाचा गणेशोत्सव मनाला आधार देतो, तिथे जरूर जा. पण सगळा रविवार आपल्याच माणसांत जाऊ लागला तर दहा वर्षांनीही शेजारी पाहुणाच समजतात.

विमा, पेन्शन आणि कर

हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक माणसं इथेच अडखळतात.

कंपनीत नोकरी असेल तर आरोग्य विमा आणि कोसेइ नेन्किन ही पेन्शन पगारातून कापली जाते. दवाखान्यात खर्चाचा ३० टक्के भाग तुम्ही भरता. एका महिन्यात फार खर्च झाला तर उत्पन्नानुसार ठरलेल्या मर्यादेपलीकडचा भार विमा उचलतो. आजारी पडल्यावर आधी गल्लीतल्या क्लिनिकमध्ये जा. चिठ्ठीशिवाय थेट मोठ्या रुग्णालयात गेलात तर किमान ७,००० येन जादा पडतात.

नोकरी सोडून दुसरी सुरू व्हायला एक महिना जरी मध्ये असला, तरी १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन कोकुमिन नेन्किन, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन, आणि राष्ट्रीय आरोग्य विमा घ्या. 'नवी कंपनी पुढच्या महिन्यात करेलच' म्हणून लोक थांबतात. कायम वास्तव्याच्या अर्जात साधारणपणे गेल्या पाच वर्षांचा रहिवासी कर आणि दोन वर्षांची पेन्शन व विमा तपासतात, आणि नुसतं भरलंय की नाही यावर न थांबता वेळेवर भरलंय का तेही पाहतात. स्वतः भरावा लागणारा प्रत्येक हप्ता बँकेतून आपोआप वळता करा.

रहिवासी कर, म्हणजे जूमिनझेइ, मागच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या साधारण १० टक्के असतो आणि जूनपासून सुरू होतो. पहिल्या वर्षी तो नसतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये हातात येणारा पगार एकदम घटतो. पहिल्या वर्षीच तेवढी रक्कम बाजूला काढत जा. १ जानेवारीला जपानमध्ये पत्ता असलेल्याला त्या वर्षीचा हा कर लागतो, तेव्हा नोकरी सोडताना किंवा देश सोडताना ही तारीख लक्षात ठेवा.

गावाकडे आई-वडिलांना पैसे पाठवत असाल तर नेन्मात्सु चोसेइत, म्हणजे कंपनी करते त्या वर्षअखेरच्या करहिशेबात, त्यांना अवलंबित दाखवून सवलत मिळते. त्यासाठी नात्याचा दाखला, त्याचं जपानी भाषांतर आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या लागतात. पैसे प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्यात पाठवा. बाबांच्या खात्यात दोघांचे पाठवलेत तर आईची सवलत मिळत नाही. २०२३ पासून नियम कडक झालाय: परदेशातल्या ३० ते ६९ वयाच्या नातेवाइकाला, तो जपानमधून परदेशी शिकायला गेलेला किंवा अपंग नसेल तर, वर्षाला किमान ३,८०,००० येन पाठवलेले असले तरच सवलत.

आता पाच वर्षांची रेषा. गेल्या दहा वर्षांपैकी पाच वर्षांपर्यंत जपानमध्ये राहिलेल्या परदेशी माणसाच्या भारतातल्या उत्पन्नावर, ते जपानमध्ये आणलं नाही तर, इथे कर लागत नाही. पाच वर्षं उलटली की पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, शेअरचा नफा, सगळं जपानच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण दाखवावं लागतंच. चौथ्या वर्षीच दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या कर सल्लागाराला एकदा भेटा. भारतातली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाची, करून घेतली नसतील तर तेही उरका.

भाषा, जेवण, गाडी

आयटीत इंग्रजीवर वर्षं काढता येतात. पण शाळेची चिठ्ठी, डॉक्टरचं बोलणं आणि नोकरीतली बढती जपानीशिवाय अडते. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते; एन५ ही तिची सगळ्यात सोपी पातळी आणि एन१ सगळ्यात अवघड. दोन वर्षांत एन३, चार-पाच वर्षांत एन२ हे नोकरी सांभाळून जमणारं लक्ष्य आहे. शहराच्या कोकुसाई कोर्यू क्योकाईत, म्हणजे आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीच्या संस्थेत, स्वयंसेवक नाममात्र पैशांत शिकवतात, आणि तिथेच पहिले जपानी मित्र मिळतात.

शाकाहारी माणसाने मिसो सूप आणि सोबाच्या रश्श्याबद्दल सावध राहावं. त्यांच्या दाशीत, म्हणजे मूळ पाण्यात, बहुधा मासे असतात. पाकिटबंद पदार्थांत 'पोर्क एकिसु' (डुकराचा अर्क), 'चिकिन एकिसु' (कोंबडीचा अर्क), 'रादो' (डुकराची चरबी) हे काताकाना शब्द ओळखायला शिका. डाळी, पीठ आणि मसाले निशि-कासाई, शिन-ओकुबो इथल्या दुकानांत मिळतात आणि ऑनलाइनही येतात.

भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना दाखल झाल्यापासून एक वर्ष चालतो. नंतर भारतीय परवाना बदलून घेताना लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि ९० टक्के बरोबर यावे लागतात.

जोडीदार आणि मुलं

डिपेंडंट व्हिसावर आलेल्या जोडीदाराला वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. ती परवानगी पहिल्याच महिन्यात काढा, काम लगेच करायचं नसलं तरी. घरात एकट्या पडलेल्या, शिकलेल्या बायका इथे खूप आहेत. नवऱ्याची बढती त्यांच्या एकटेपणावर उभी राहू नये, म्हणून भाषेच्या वर्गाची फी आणि वेळ दोघांच्या हिशेबात आधी धरा.

गरोदरपणाची नोंद वॉर्ड ऑफिसात केली की बोशि तेच्यो ही आई-बाळाची नोंदवही आणि तपासण्यांची कुपनं मिळतात. बाळंतपणासाठी विम्यातून ५ लाख येन मिळतात; टोकियोत खर्च बहुधा त्याहून जास्त येतो. जन्मानंतर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंद, ३० दिवसांत इमिग्रेशनकडे बाळाच्या व्हिसाचा अर्ज, आणि भारतीय दूतावासात नोंद व पासपोर्ट, हे सगळं दमलेल्या अवस्थेत करायचं असतं. फॉर्म आधीच भरून ठेवा. मुलांचा भत्ता परदेशी पालकांनाही मिळतो, पण तो मागावा लागतो. जन्मानंतर पंधरा दिवसांत अर्ज करा.

शाळेचा निर्णय वयाच्या सहाव्या वर्षी घ्यावा लागतो. टोकियो परिसरात भारतीय शाळा आहेत, आणि तीन-चार वर्षांत परतायचं असेल तर त्या योग्यच. पण राहण्याचा विचार असेल तर मी सरकारी जपानी शाळेच्या बाजूने आहे. ती मोफत आहे, घराजवळ आहे, आणि पंधराव्या वर्षी येणाऱ्या हायस्कूल प्रवेश परीक्षेला मूल भाषेच्या तयारीने बसतं. दहा-बाराव्या वर्षी जपानी शाळेत टाकलेल्या मुलाला ती परीक्षा फार जड जाते. मराठी मात्र घरातच टिकवावी लागेल. आजीशी रोज व्हिडिओवर बोलणं आणि झोपताना मराठी पुस्तक, एवढं नेमाने करा.

आई-वडिलांना कायमचं आणता येईल असं धरून चालू नका. त्यांना साधारणपणे ९० दिवसांचाच व्हिसा मिळतो. उच्च कुशल व्हिसा असलेल्यांना, सात वर्षांखालचं मूल आणि ८० लाख येनांचं वार्षिक घरगुती उत्पन्न असेल, तर वेगळी सोय आहे. भावंडांशी याबद्दल लवकर आणि मोकळं बोला.

भूकंप

घरात प्रत्येकी तीन दिवसांचं, जमल्यास आठवड्याचं पाणी, खाणं, टॉर्च, रोख पैसे आणि औषधं ठेवा. कपाटं भिंतीला बांधा. जवळचं आश्रयस्थान मुलांना घेऊन एकदा चालत जाऊन पाहा. मोठ्या धक्क्यानंतर गॅस मीटर आपोआप बंद होतो. तो पुन्हा कसा सुरू करायचा ते मीटरवरच लिहिलेलं असतं, आत्ताच वाचून ठेवा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलीस ११०.

राहायचं की परतायचं

कायम वास्तव्यासाठी साधारणपणे दहा वर्षांचं वास्तव्य आणि त्यात पाच वर्षांचं काम लागतं. उच्च कुशल व्यक्तींच्या गुणपद्धतीत ७० गुण असतील तर तीन वर्षांत, ८० असतील तर एका वर्षात अर्ज करता येतो. वय, पगार, पदवी, जपानी भाषा यांना गुण असतात, तेव्हा आपले गुण दरवर्षी मोजा. २०२४ मध्ये कायदा बदलला असून, कर वा विमा जाणूनबुजून बुडवणाऱ्याचं कायम वास्तव्य काढून घेण्याची तरतूद आली आहे. नागरिकत्व घेतलंत तर भारताचं सोडावं लागतं. त्यानंतर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढता येतं.

परतायचं ठरलं तर वॉर्ड ऑफिसात स्थलांतराची नोंद करा आणि कराची बाकी भरण्यासाठी नोझेइ कान्रिनिन, म्हणजे जपानमध्ये राहणारा प्रतिनिधी नेमा. सहा महिने किंवा त्याहून जास्त पण दहा वर्षांहून कमी पेन्शन भरली असेल तर एकरकमी परतावा मिळतो. त्यात जास्तीत जास्त पाच वर्षांचा काळ धरला जातो आणि देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. कोसेइ नेन्किनच्या रकमेतून २०.४२ टक्के कर कापतात. तो प्रतिनिधीमार्फत परत मागता येतो. पण हा परतावा घेतला की तेवढा काळ तुमच्या पेन्शनच्या हिशेबातून कायमचा पुसला जातो. भारतातला पेन्शन योजनेचा काळ करारामुळे जपानच्या दहा वर्षांच्या अटीत जोडता येतो. सात-आठ वर्षं हप्ते भरलेल्या माणसाने म्हणून घाईने अर्ज पाठवू नये. आधी नेन्किन ऑफिसात जाऊन दोन्ही आकडे काढून घ्यावेत.